जर्मनीत पोस्टडॉक हवंय? आधी अनुदान कुणाकडे आलंय ते बघा

प्रबंध जमा झाला की आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. विद्यापीठांच्या वेबसाइटवरून प्राध्यापकांचे पत्ते गोळा करायचे, एकच मजकूर सगळ्यांना पाठवायचा आणि मग महिनाभर इनबॉक्सकडे बघत बसायचं. उत्तर आलं नाही की आपलं काम कमी पडलं असं वाटतं. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. ज्याला मेल गेला, त्याच्याकडे त्या वेळी माणूस घ्यायला पैसेच नसतात.

जर्मनीत पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, नोकरी बहुतेक वेळा एकच व्यक्ती देते: पीआय, म्हणजे गटाचा प्रमुख. आणि ती देते मिळालेल्या प्रकल्पाच्या निधीतून. जर्मन लोक या बाहेरून आलेल्या निधीला ‘ड्रिटमिटेल’ म्हणतात आणि तिथल्या कॅन्टीनमध्ये हा शब्द दिवसातून चार वेळा कानावर पडतो. तेव्हा संस्था कोणती, शहर कोणतं, हे नंतर. आधी निधी कुठे आलाय ते शोधायचं.

हा लेख पीएचडी संपत आलेल्या किंवा झालेल्या, विज्ञान-अभियांत्रिकीतल्या लोकांसाठी आहे. पीएचडीसाठीच जायचं असेल तर वाट थोडी वेगळी असते, पण कराराबद्दल पुढे लिहिलंय ते त्यांनाही लागू पडेल. तिकडे पीएचडी हीसुद्धा अनेकदा पगारी नोकरीच असते.

नकाशा थोडक्यात

विद्यापीठांखेरीज संशोधन संस्थांची चार मोठी कुटुंबं आहेत. माक्स प्लांक सोसायटीच्या ८० हून अधिक संस्था आहेत आणि त्या मूलभूत संशोधन करतात. हेल्महोल्ट्झची १८ केंद्रं. मोठी यंत्रं आणि मोठे दीर्घकालीन प्रश्न त्यांच्याकडे. हॅम्बुर्गचं डेझी, युलिश, कार्ल्सरूह ही त्यातलीच. लाइबनिट्झ संघटनेत ९० हून अधिक संस्था येतात आणि त्यांत संग्रहालयांपासून अर्थशास्त्रापर्यंत सगळं आहे. फ्राउनहोफर उद्योगांसाठी काम करते, त्यामुळे तिथे जर्मन भाषा येणं खरोखर लागतं.

(माक्स प्लांक सोसायटी १९४८ मध्ये स्थापन झाली, पण तिची मुळं कैसर विल्हेल्म सोसायटीत आहेत. इरावती कर्व्यांनी बर्लिनमध्ये पीएचडी केली ती याच जुन्या सोसायटीच्या मानवशास्त्र संस्थेत, १९२० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे पुणे-बर्लिन ही वाट काही नवी नाही.)

माझं स्पष्ट मत सांगतो: माक्स प्लांकच्या नावासाठी अडून बसू नका. मोठ्या संचालकाच्या मोठ्या विभागात तुम्ही चाळिसावे असाल तर तो तुम्हाला तिमाहीतून एकदा भेटेल. मध्यम आकाराच्या विद्यापीठात नुकतंच अनुदान मिळालेल्या तरुण पीआयला तुमच्या निकालांची तुमच्याइतकीच गरज असते. पुढे शिफारसपत्र लिहायची वेळ येते तेव्हा हा फरक कळतो.

पहिलं काम: निधीचा माग काढणे

याला एक रविवार द्या. जर्मन संशोधन परिषद, म्हणजे डीएफजी, आपले मंजूर प्रकल्प ‘गेप्रिस’ नावाच्या डेटाबेसमध्ये टाकते. तो सर्वांना खुला आहे आणि इंग्रजीतही चालतो. तुमच्या विषयाचे दोन-तीन नेमके शब्द टाका. ‘पॉलिमर’ टाकून उपयोग नाही. तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकात जो सगळ्यात अवघड शब्द आहे तो टाका. प्रत्येक प्रकल्पासमोर प्रमुखाचं नाव, सारांश आणि अनुदान कोणत्या वर्षापासून सुरू झालं ते दिसतं. गेल्या एक-दोन वर्षांत सुरू झालेले तेवढे बाजूला काढा. संपत आलेला प्रकल्प कितीही सुंदर असला तरी त्यात तुमच्यासाठी काही उरलेलं नसतं.

इथे एक बारकावा आहे. डीएफजीच्या एकट्यादुकट्या प्रकल्पात बहुतेकदा एका पीएचडी विद्यार्थ्याचीच जागा असते. पोस्टडॉकसाठी पैसा असतो तो मोठ्या गोष्टींत. ‘झोंडरफोर्शुंग्सबेराइख’, म्हणजे एसएफबी, हे अनेक गटांचे एकत्रित प्रकल्प असतात. ते चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी जास्तीत जास्त बारा वर्षं चालतात. नवे एसएफबी डीएफजी साधारणपणे मे आणि नोव्हेंबरमध्ये जाहीर करते, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तिथे एकदम डझनावारी जागा निघतात. दुसरा मोठा झरा युरोपियन रिसर्च कौन्सिलचा. ईआरसीची स्टार्टिंग ग्रँट पंधरा लाख युरोपर्यंत, कन्सॉलिडेटर वीस लाखांपर्यंत आणि अॅडव्हान्स्ड पंचवीस लाखांपर्यंत असते, सगळ्या पाच वर्षांसाठी. स्टार्टिंगचे निकाल साधारण सप्टेंबरात लागतात, कन्सॉलिडेटरचे डिसेंबरात. विजेत्यांची यादी सार्वजनिक असते. ज्याला ही रक्कम मिळाली त्याच्यापुढे पहिली अडचण एकच असते: चांगली माणसं आणायची कुठून? तुमचा मेल नेमका तेव्हा पोहोचला पाहिजे. पुढे ‘कॉर्डिस’ या युरोपीय डेटाबेसमध्ये त्या प्रकल्पाचा सारांशही वाचायला मिळतो.

जाहिराती बघायच्याच नाहीत असं नाही. युराक्सेस, अकाडेमिक्स या नोकऱ्यांच्या वेबसाइट आणि संस्थांची स्वतःची पानं आठवड्यातून एकदा बघत जा. मात्र जाहिरात आली की शंभर अर्ज येतात. जाहिरातीच्या आधी मेल आला तर स्पर्धा जवळजवळ नसते.

दुसरी वाट: पैसा स्वतः घेऊन जाणे

निधी नसलेला पीआयसुद्धा एका प्रसंगी खुलतो: तुम्ही स्वतःची फेलोशिप आणणार असाल तर.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक फेलोशिप पीएचडीनंतरच्या चार वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी आहे आणि सहा महिने ते दोन वर्षं मिळते. यजमान तुम्हीच शोधायचा असतो आणि त्याचं पत्र अर्जासोबत लागतं. निवडीत तुमची स्वतःची कल्पना किती दमदार आहे ते बघतात. पीआयच्या प्रकल्पाचाच एक तुकडा तुमच्या नावाने पाठवलेला असेल तर तो लगेच ओळखू येतो.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही. पीएचडी झालेली हवी आणि त्यानंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नको. अर्जाची मुदत बहुतेक दरवर्षी सप्टेंबरात संपते. तिची एक अट मात्र मराठी माणसं हमखास विसरतात. मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक राहिलेले नसावेत. म्हणजे आधी जर्मनीत दीड वर्षं साधं पोस्टडॉक करून मग मारी क्युरीतून तिथेच राहू, असं चालत नाही. मग फ्रान्स, डेन्मार्क वगैरे शोधावं लागतं. क्रम ठरवताना हे आधी बघा. शिवाय प्रस्तावाला ठरावीक मर्यादेहून कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेकडून अर्ज करता येत नाही, त्यामुळे ‘टाकून तर बघू’ हा खाक्या इथे महागात पडतो.

जीवशास्त्रवाल्यांनी एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संघटनेची फेलोशिप बघावी. भारत-जर्मनी संयुक्त केंद्र आयजीएसटीसी २०१० पासून आहे आणि तरुण संशोधकांना थोड्या काळासाठी तिकडे पाठवणाऱ्या योजना चालवतं. अशा छोट्या भेटीतून पुढची नोकरी निघण्याचं प्रमाण बरं असतं, कारण पीआयने तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेलं असतं.

मेल

‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम अ हायली मोटिव्हेटेड अँड हार्डवर्किंग कँडिडेट’ या वाक्याने सुरू झालेला मेल दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला जात नाही. त्यात समोर ‘सर’ नसून बाई असतील तर विषयच संपला.

उदाहरण घेऊ. समजा एका मुलीने पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जेलसारख्या पॉलिमरवर पीएचडी केलीय आणि तिला माइन्झच्या माक्स प्लांक पॉलिमर संस्थेतल्या एका गटात जायचंय. तिने चार गोष्टी लिहाव्यात, या क्रमाने. एक: त्या गटाच्या ताज्या शोधनिबंधातला नेमका कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला आहे आणि तिच्या प्रबंधातली कोणती पद्धत तिथे लावता येईल. ‘तुमचा निबंध वाचून प्रभावित झाले’ हे नको. ‘तुमच्या तिसऱ्या आकृतीत ताण वाढल्यावर जेल अचानक सैल पडतं, आमच्याकडे तेच आम्ही रिओलॉजी (प्रवाहीपणा) आणि सॅक्स (क्ष-किरणांनी आतली रचना) एकाच वेळी मोजून पाहिलं’ असं हवं. दोन: हाताने काय येतं. कोणतं उपकरण ती एकटी चालवू शकते, कोणता कोड तिने स्वतः लिहिलाय. तीन: पैशाबद्दल सरळ बोलणं. ‘तुमचा अमुक प्रकल्प यंदा सुरू झालेला दिसतो, त्यात जागा आहे का? नसल्यास हम्बोल्टसाठी अर्ज करायची माझी तयारी आहे, यजमान व्हाल का?’ चार: प्रबंध कधी जमा होतोय आणि कोणत्या महिन्यापासून येता येईल. बस. दोनशे शब्दांच्या आत. सोबत दोन पानी सीव्ही, एकाच पीडीएफमध्ये.

संबोधनात ‘डियर प्रोफेसर’ आणि आडनाव. ‘सर’, ‘मॅडम’, ‘काइंडली’, ‘डू द नीडफुल’ घरीच ठेवा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर दोन ओळींची एक आठवण करून द्या, तिसरा मेल मात्र नको. ऑगस्टमध्ये आणि नाताळच्या आसपास अर्धा देश सुट्टीवर असतो. त्या काळातल्या शांततेचा काही अर्थ काढत बसू नका.

शिफारशीसाठी ज्यांची नावं देणार आहात त्यांना आधी विचारा, आणि तुमचा विषय त्यांना आठवेल अशी अर्ध्या पानाची टिपण्णी पाठवा. आपल्याकडे गाइड ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जर्मन पीआय अनेकदा पत्रावर न थांबता थेट फोन करतो. तेव्हा गाइडना तुमच्याबद्दल नेमकं बोलता आलं पाहिजे.

नाव

हे किरकोळ वाटेल, पण मराठी अर्जदारांची सगळ्यात जास्त कागदी अडचण नावातच होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या खान्यात गेलेलं. शोधनिबंधावर फक्त आद्याक्षरं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर चौथी तऱ्हा. जर्मन कार्यालयातल्या माणसाला ही चार वेगळी माणसं वाटू शकतात.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा. अर्ज, करार, व्हिसा यांवर सगळीकडे पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच लिहा. निबंधांसाठी ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून त्यात नावाची सगळी रूपं नोंदवा. नाव बदललं असेल तर गॅझेटची किंवा विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत तयार ठेवा. वडिलांच्या नावात एका कागदावर ‘राव’ आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर प्रतिज्ञापत्र करून घ्या.

पदवीचंही तसंच. विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ तुमच्या सोयीने होत नसतो, म्हणून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट तोंडी परीक्षेनंतर लगेच मागा. तुमचं विद्यापीठ ‘अनाबिन’ या जर्मन डेटाबेसमध्ये ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, दर्जाने नोंदलेलं आहे का ते पाहा. काही संस्थांचा मनुष्यबळ विभाग त्यावर समाधान मानतो, काही जण झेडएबी या केंद्रीय कार्यालयाकडून तुलनापत्र मागतात. त्याचं शुल्क २०८ युरो आहे आणि वेळही लागतो. ऑफर हातात यायच्या आधीच विचारून घ्या.

मुलाखत

साधारण तीस-चाळीस मिनिटांचं भाषण आणि मग गटातल्या प्रत्येकाशी गप्पा. भाषणातला निम्मा वेळ प्रास्ताविकात घालवायची आपली सवय सोडा. ‘हे काम तुम्ही केलंत की सहकाऱ्याने?’ असा प्रश्न येतो, त्याचं खरं उत्तर द्या. गटातले पीएचडी विद्यार्थी तुमच्याशी बोलतील तेव्हा तुम्हीही त्यांना विचारा: इथून गेलेले लोक आता कुठे आहेत? उत्तर द्यायला ते अडखळले तर समजून घ्या.

करार: इथे घाई नको

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: करार आहे की स्टायपेंड? जर्मनीत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. करार असेल तर आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा यांत मालकही वाटा भरतो. स्टायपेंडमध्ये यातलं काही नाही. विमा स्वतः काढायचा आणि युरोपबाहेरून आलेल्याला सार्वजनिक विम्यात सहज शिरता येत नाही. हम्बोल्ट किंवा एम्बोचं नाव मोठं आहे, तिथे हा तोटा सोसण्यासारखा असतो. पण एखाद्या गटाने पैसे वाचवण्यासाठी स्टायपेंड पुढे केला तर करार मागा.

पगाराची घासाघीस करायची नसते, तो तक्त्यावर ठरतो. विद्यापीठांत टीव्ही-एल, हेल्महोल्ट्झ आणि माक्स प्लांकमध्ये टीव्हीओडी, हे सार्वजनिक नोकऱ्यांचे वेतन करार. पोस्टडॉकची श्रेणी ई-१३. टीव्ही-एलच्या २०२५ च्या तक्त्यात ई-१३ च्या पहिल्या पायरीवर महिन्याला सुमारे ४,६३० युरो आहेत. कर-विमा कापून एकट्या माणसाच्या हाती २,८०० च्या आसपास पडतात. म्युनिकमध्ये यातले हजारेक एका खोलीच्या घरात जातात, ड्रेस्डेन किंवा ग्योटिंगनमध्ये बरेच कमी.

श्रेणी ठरलेली असली तरी पायरी ठरलेली नसते, आणि पैसा तिथे आहे. आधीचा संबंधित अनुभव धरला तर तुम्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर सुरू करू शकता. भारतातली जेआरएफ-एसआरएफची वर्षं, आरएची वर्षं, कंपनीतली नोकरी, सगळ्यांची पत्रं द्या आणि सही करण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही. पूर्ण वेळ आहे की ७५ टक्के, हेही त्याच कागदावर बघा.

दुसरी गोष्ट मुदतीची. २००७ पासूनचा एक कायदा आहे, त्याचं लांबलचक नाव लोक ‘विसत्साइटफाउगे’ असं आखडून म्हणतात. त्यानुसार विद्यापीठं आणि संशोधन संस्था पीएचडीनंतर माणसाला साधारण सहा वर्षंच मुदतीच्या करारावर ठेवू शकतात (वैद्यकशास्त्रात नऊ). मूल असेल तर प्रत्येकी दोन वर्षं वाढू शकतात, आणि करार बाहेरच्या प्रकल्पनिधीवर बेतलेला असेल तर मर्यादा वेगळी लागते. २०२१ मध्ये ‘इश बिन हाना’ (मी हाना) या घोषणेखाली हजारो जर्मन संशोधकांनी याच कायद्याविरुद्ध राग व्यक्त केला होता. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की एक-एक वर्षाचे तुकडे घेत सहा वर्षं खर्चू नका. पहिलाच करार दोन वर्षांचा मागा. चौथ्या वर्षापर्यंत स्वतःच्या गटाचा विचार, उदाहरणार्थ डीएफजीचा एमी नोएथर कार्यक्रम, नाही तर उद्योग, नाही तर परती, यांपैकी दिशा ठरलेली बरी. परतीच्या रामानुजन, रामलिंगस्वामी, इन्स्पायर फॅकल्टी अशा योजनांना वयाच्या अटी असतात. त्या जाण्याआधीच वाचून ठेवा.

भारतात सरकारी प्रयोगशाळेत कायम नोकरीत असाल तर रजा आणि ना-हरकत पत्राला लागणारा वेळ यात धरा. तो जर्मन व्हिसापेक्षा जास्त लागू शकतो.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. अर्ज आता ऑनलाइन पोर्टलवर भरला जातो, मग प्रत्यक्ष भेट. राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क ७५ युरो.

दोन पर्याय असतात. संशोधकाचा परवाना, ज्याला संस्थेचा ‘यजमान करार’ लागतो. आणि ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, ज्याला पगाराची किमान मर्यादा आहे (२०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो, काही विषयांसाठी कमी). पूर्ण ई-१३ त्यात बसतं. पुढे राहायचा विचार असेल तर ब्लू कार्ड घ्या: २७ महिन्यांनी कायम वास्तव्य मागता येतं, बी-१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांनीच. दोन्ही प्रकारांत जोडीदाराला काम करता येतं.

म्हणजे भाषा परवान्यातही कामी येते. प्रयोगशाळेत इंग्रजी चालते, पण घरमालक, डॉक्टर आणि कार्यालयं जर्मनमध्ये बोलतात. अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेलं जर्मन अनेकांच्या डोक्यात कुठेतरी पडून असतं. निघायच्या आधी मॅक्स म्युलर भवनात किंवा पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जाऊन त्यावरची धूळ झटका.

पोहोचल्यावर

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंद. घरमालकाची सही असलेला कागद लागतो. त्याशिवाय कर क्रमांक येत नाही आणि पगार वरच्या दराने कापला जातो. याच फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. गोवा-वसईच्या कॅथलिक मंडळींनी लक्ष द्यावं: तिथे ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं की चर्च कर लागू होतो, प्राप्तिकराच्या ८ टक्के बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, बाकी ठिकाणी ९ टक्के. लिहायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण माहीत असून लिहा. थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, दर घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं.

करार मुदतीचा असेल तर व्हीबीएल या पूरक पेन्शनबद्दल मनुष्यबळ विभागाला पहिल्याच आठवड्यात विचारा. पाच वर्षं पूर्ण होण्याची शक्यता नसलेल्या संशोधकाला सक्तीच्या योजनेऐवजी ऐच्छिक योजना निवडता येते, मात्र अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत करावा लागतो.

आणि कराराची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाकताना तिच्या तीन महिने आधीचीही टाका. त्या दिवसापर्यंत मुदतवाढ लेखी हातात नसेल तर रोजगार कार्यालयात ‘नोकरी शोधतोय’ अशी नोंद करायची असते. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरला असेल तर भत्ता मिळतो, आणि संशोधकाच्या परवान्यावर असाल तर काम संपल्यावर नवी नोकरी शोधायला नऊ महिन्यांपर्यंतचा परवाना मागता येतो. पीआय ‘काळजी करू नकोस, होईल’ म्हणत असला तरी नोंद करून टाका. मुदतवाढ आली की एका फोनवर ती रद्द करता येते.